बारा मिलिमीटरच्या पिनेची पाच मापे

ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे, त्यांनी पहिल्या भेटीत मला मूर्ख म्हटले नाही. मला मूर्ख ठरवण्यास पुरेशी माहिती अद्याप हाती आलेली नाही, असे म्हटले. आयुष्याची चाळीस वर्षे कामगार कायद्यात घालवलेल्या आणि निवृत्तीनंतरही महानगरपालिकेच्या आवक विभागाला धाकात ठेवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला असे वाक्य ऐकून घेणे जड गेले. परंतु त्यांच्या तोंडून कोणाहीविषयी निघू शकणारे ते सर्वांत सौम्य वाक्य होते, हे पुढे अनुभवाने कळले.

चिंचवड स्टेशनच्या, आमच्या घरापासून पाहिले तर रुळांच्या पलीकडच्या बाजूला ते राहत. उभी हयात भोसरीच्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात गेलेली. निवृत्तीनंतर सभ्य माणसे जे करतात त्यांपैकी त्यांनी काहीही केले नाही. बागेत हसण्याच्या वर्गाला गेले नाहीत, ज्येष्ठ नागरिक संघाचे खजिनदार झाले नाहीत. ते रोज सकाळी सहा वाजता इस्त्रीचा शर्ट, कमरेला पट्टा आणि पायांत चक्क बूट घालून संगणकापुढे बसत आणि आठ वाजेपर्यंत जगभरातून येणाऱ्या संख्याशास्त्राच्या अवघड प्रश्नांची उत्तरे एका संकेतस्थळावर फुकट देत. टोपणनावाच्या जागी त्यांनी केवळ एक चार आकडी संख्या ठेवली होती. ती त्यांच्या पहिल्या स्कूटरचा क्रमांक होता.

'उत्तरे देत' हे विधान काटेकोर नाही, ते दुरुस्त करतो. ते मुख्यत्वे प्रश्न परत पाठवत. कोणी विचारले की अमुक चाचणी लावावी की तमुक, तर ते विचारत की आकडे कोणी गोळा केले, कोणत्या उपकरणाने, आणि तो माणूस त्या दिवशी घाईत होता का. परदेशातल्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने काकुळतीने लिहिले की सर, माझा निष्कर्ष लक्षणीय ठरेल अशी कोणतीही चाचणी सुचवा. त्यांनी कळवले, "जो निष्कर्ष आधीच ठरला आहे, त्याला चाचणी लागत नाही, टंकलेखक लागतो." ती बिचारी पुन्हा त्या संकेतस्थळावर दिसली नाही. ह्याचा त्यांना यत्किंचितही खेद नव्हता.

घरीदारीही हाच कारभार. 'नेहमी', 'कधीच', 'सगळे' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याची सोय नव्हती. उच्चारले की लगेच "कितीपैकी किती?" हा प्रश्न अंगावर येई. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, मला म्हणाल्या होत्या, "चहा कसा झालाय म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, कालच्यापेक्षा की सरासरीपेक्षा? तेव्हापासून मी विचारणं सोडलं. प्यायचा तर प्या." दिवाणखान्यात तीन तापमापके टांगलेली होती आणि तिन्ही वेगवेगळे तापमान दाखवत. बरोबर कोणते, असे मी विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी मी एके काळी मुदत संपल्यावर अपील घेऊन येणाऱ्या पक्षकाराकडे पाहत असे.

त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष जुन्या गावठाणातले, ज्यांच्या शेतात ती इमारत उभी राहिली त्या घरातले. एका सभेला पाहुणा म्हणून मी हजर होतो. अध्यक्ष म्हणाले, लिफ्ट सारखी बंद असते, कंत्राटदार बदलू. लगेच मागून आवाज आला, "कितीपैकी किती?"

"ओ काका," अध्यक्ष वैतागून म्हणाले, "आमी काय मोजीत बसू व्हय? बंद म्हंजी बंद!"

ह्यांनी पिशवीतून वही काढली. अकरा आठवडे रोज दिवसातून चार वेळा लिफ्टचे बटण दाबून केलेल्या नोंदी तीत होत्या. त्यांनी त्या सगळ्या वाचून दाखवल्या. अध्यक्षांनी शेवटी हात जोडले. "काका, तुमी लिफ्टमधी कमी अन् वहीत जास्त चढता. जिन्यानं जा की राव, पायाला बरं असतंय." सभा हसली. हे हसले नाहीत. 'जास्त' म्हणजे किती, ह्याचा ते विचार करत असावेत.

अशा माणसाशी माझी गाठ पडण्याचे कारण शोभा.

शोभा ही आमच्या सोसायटीच्या वायरमनची बायको. दोघे परभणीकडचे. भोसरीत एका खोलीचे बिऱ्हाड, दोन मुली. शोभा चाकणच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर ऑपरेटर होती. बारा मिलिमीटर व्यासाची पोलादी पिन घासून नेमक्या मापाला आणणे, आणि दर तासाला पाच पिना मायक्रोमीटरने मोजून त्यांची मापे एका तक्त्यात लिहिणे, हे तिचे काम. एके दिवशी ग्राहक कंपनीने जाड पिनांचा आख्खा लॉट परत पाठवला. व्यवस्थापनाने सल्लागार नेमला. सल्लागाराने आठ ऑपरेटरांचे तक्ते संगणकात घातले आणि अहवाल दिला की सात जणांची मापे उत्तम आहेत, आठव्या व्यक्तीची मापे 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीयरीत्या' विखुरलेली आहेत. आठवी व्यक्ती शोभा. तिला निलंबित करून आरोपपत्र देण्यात आले. आरोप दोन: कामातील गंभीर निष्काळजीपणा, आणि वारंवार मशीन थांबवून उत्पादन घटवणे. सिद्ध झाल्यास शिक्षा बडतर्फी.

नवरा तो कागद घेऊन माझ्याकडे आला, कारण मी पत्रे लिहितो हे पंचक्रोशीत माहीत आहे. शोभा दाराशी उभी होती.

"तू नीट मोजत होतीस ना?" मी विचारले.

"मोजलं तेच लिहिलं बघा सर. न मोजता कसं लिहावं माणसानं?"

हे वाक्य मी नीट ऐकले नाही. मी त्या वेळी आरोपपत्रातले, कारखान्याच्या स्थायी आदेशांचे चुकीचे कलम अधोरेखित करण्यात गुंतलो होतो. हा दोष माझा, आणि तो मी इथे लेखी नोंदवतो.

कारखान्यातल्या चौकशीला बचाव प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहण्याची परवानगी मी तीन पत्रांनंतर मिळवली. चौथ्या पत्राने आठही ऑपरेटरांचे तीन महिन्यांचे मूळ तक्ते मागितले. व्यवस्थापनाने ते लगेच दिले, एका मोठ्या खोक्यात भरून. म्हातारा आकड्यांत बुडून मरेल, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो जवळजवळ सफल झाला. कायद्याचा कोणताही पाठ मला वाकवता येतो, पण 'प्रमाण विचलन' हा शब्द पाहिला की मला शाळेतले गणिताचे मास्तर दिसू लागतात.

म्हणून मी आंतरजालावर मदत शोधायला बसलो. त्या अनुभवाविषयी मी संयमाने लिहिण्याचा प्रयत्न करतो.

एका संकेतस्थळावर हसऱ्या मुलीचे चित्र होते आणि ती चोवीस तास तज्ज्ञ मदत देण्यास तयार होती. मी तिला आरोपपत्राचा गोषवारा पाठवला. तिने विचारले की माझी परीक्षा कधी आहे. दुसरीकडे एका यंत्रबुद्धीला मी सल्लागाराचा अहवाल दिला. तिने अत्यंत अदबीने शोभाला दोषी ठरवले. मी हरकत घेताच तिने माझी माफी मागून शोभाला निर्दोष ठरवले. खात्री करावी म्हणून मी विचारले की नक्की का, तर पुन्हा माफी मागून पुन्हा दोषी. इतका लवचीक साक्षीदार मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. समोरच्या पक्षाला तो सापडू नये, एवढीच मी प्रार्थना केली.

शेवटी त्या संकेतस्थळावर पोहोचलो जिथे म्हणे जगातले विद्वान विनामूल्य उत्तरे देतात. मी माझा प्रश्न रीतसर मांडला: विषय, संदर्भ, चौदा परिच्छेद, शेवटी प्रार्थना. वीस मिनिटांत तो बंद करण्यात आला. कारण दिले होते की 'हा गृहपाठाचा प्रश्न दिसतो'. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला! कोणतीही नोटीस नाही, म्हणणे मांडण्याची संधी नाही, निर्णय देणाऱ्याचे नाव नाही, अपिलाची तरतूद नाही. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा इतका उघड भंग मी फक्त काही गृहनिर्माण संस्थांत पाहिला आहे. मी संचालकांना चार पानी निषेधपत्र लिहिले. तेही बंद झाले.

मात्र बंद होण्यापूर्वी त्या निषेधपत्राखाली एका चार आकडी संख्येने तीन वाक्ये लिहून ठेवली होती: "उपकरणाचे लघुतम माप किती? तक्त्याचा फोटो टाका. कायदा टाकू नका."

मी संतापून त्या वाक्यांखालीच एका तक्त्याचा फोटो टाकला. कंपनीचे नाव दिसू नये म्हणून सावधगिरीने कागदाचा वरचा भाग झाकला. तळाशी बारीक अक्षरांत तक्त्याचा क्रमांक आणि 'आवृत्ती: शून्य' एवढे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उत्तर आले, आणि ते देवनागरीत होते.

"हा तक्ता मी केला आहे. आपण कुठे राहता?"

सातासमुद्रापलीकडे शोधत असलेला तज्ज्ञ रुळांच्या पलीकडे निघाला. त्यांच्या जुन्या कारखान्याच्या मालकांनीच पुढे चाकणला नवा कारखाना काढला होता आणि जुन्या यंत्रांबरोबर जुने तक्तेही तिकडे नेले होते. मी खोके रिक्षात घालून त्यांच्याकडे गेलो, आणि तिथे माझ्या मूर्खपणाविषयीचे ते प्रास्ताविक विधान झाले.

खोके उघडून त्यांनी तक्ते जमिनीवर मांडायला घेतले. शोभाचे एका ओळीत, बाकी सात जणांचे सात ओळींत. बूट काढून ते त्या कागदांमधून मोजे घातलेल्या पायांनी फिरत राहिले. मी दोनदा कायदेशीर मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी तर्जनी वर केली. मग ते शोभाच्या ओळीपाशी उकिडवे बसले.

"ही बाई मशीन का थांबवते?"

"तोच तर दुसरा आरोप आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं. कागदाला विचारतोय." त्यांनी बोट फिरवले. "सकाळी पहिल्या तासाला बारा पॉइंट शून्य शून्य. मग शून्य एक. मग शून्य दोन, तीन. चौथ्या तासाला शून्य चार. शून्य पाचच्या पुढे पिन बाद. ही शून्य चारला मशीन थांबवते. पुन्हा शून्य शून्य. अहो, घासणारं चाक झिजतं. चाक झिजलं की पिन जाड होत जाते. मग चाक ड्रेसिंग करून ताजं करायचं. ही बाई चाकाची नाडी बघून लिहितेय!"

"आणि बाकीचे सात?"

ते उठले आणि त्या सात ओळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेले. "ह्यांच्याकडे चाक झिजत नाही," ते शेवटी म्हणाले. "तीन महिने झिजलेलं नाही. असं चाक जगात कुठे मिळतं, विचारून घ्या."

मला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. सात जण न मोजता मापे ठोकून देत होते, म्हणून त्यांची मापे देखणी. त्यांची पिन कधी जाड झाली हे त्यांना कळतच नव्हते, आणि जाड पिनांचा लॉट त्यांच्याकडूनच गेला असण्याचा संभव होता. एकटी शोभा खरे मोजत होती आणि खरे मोजण्याबद्दल तिची नोकरी जाणार होती. मी मनातल्या मनात युक्तिवादाचा पहिला परिच्छेद लिहूनही टाकला.

पण ते अजून वाकलेलेच होते. "ह्या सात जणांच्या तक्त्यांत पाचच आकडे आहेत," ते म्हणाले. "बारा पॉइंट शून्य एक, अकरा पॉइंट नव्याण्णव, बारा, शून्य दोन, अठ्ठ्याण्णव. फक्त क्रम बदलतात. सगळ्यांचे तेच पाच." मग त्यांनी एक तक्ता उचलून त्याचा माथा पाहिला, जो फोटोत मी झाकला होता. तिथे एका चौकटीत छापलेले होते: 'नमुना: तक्ता खालीलप्रमाणे भरावा.' आणि त्याखाली तेच पाच आकडे.

त्यांनी कागद खाली ठेवला, बूट घातले आणि मला जायला सांगितले. खोके मात्र ठेवून घेतले.

चार दिवस त्यांचा पत्ता नव्हता. फोन उचलत नव्हते. मी त्यांना स्मरणपत्र पाठवले, मग दुसरे स्मरणपत्र. वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, सकाळचं संगणकावर बसणंसुद्धा बंद आहे. बूट घालून नुसते बसतात. काय केलंत तुम्ही ह्यांचं?" चौकशीची तारीख सोमवारची होती. शनिवारी ते स्वतः माझ्या दारात उभे राहिले.

"ती पाच मापं माझी आहेत," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही मोजलेली?"

"मोजलेली असती तर आलो नसतो. तक्ता छापायला द्यायचा होता. ऑपरेटर म्हणाले, साहेब, भरायचा कसा ते दाखवा. मी जेवणानंतर टेबलावर बसून पाच आकडे डोक्यातून काढले. सरासरी बरोबर बारा यावी म्हणून शेवटचा आकडा जमवला. एकही पिन हातात घेतली नाही." ते खाली बसले. "एवढी वर्षं मी लोकांना विचारतोय, आकडे कुठून आणले. आणि चाकणला पोरं माझेच आकडे उतरवतायत. त्या सल्लागारानं बाईला ज्या चांगल्या मापांशी ताडलं, ती मापं माझ्या दुपारच्या झोपेची आहेत."

मी वकिली मनाचा माणूस आहे आणि त्याची मला लाज नाही. मी स्पष्ट सांगितले की चाक झिजण्याचा मुद्दा सांगा, पाचच आकडे फिरत आहेत हेही सांगा, पण ते आकडे कुठून आले ह्याविषयी मौन पाळा. स्वतः आकडे रचल्याची कबुली देणाऱ्या साक्षीदाराची उरलेली साक्ष कोण मानेल? समोरचा वकील त्याच मुद्द्यावर सगळे उलटवेल आणि एका बाईची नोकरी जाईल.

"मग मी येत नाही."

"अहो, तिच्या दोन मुली आहेत!"

"म्हणूनच. अर्धं उत्तर मी अनोळखी माणसालाही देत नाही. आकडे कुठून आले हेच सांगायचं नसेल तर बाकी सगळं फक्त पाठ केलेलं गणित आहे."

मी त्यांना हटवादी म्हणालो. अहंकारी म्हणालो. स्वतःच्या सोवळ्यासाठी दुसऱ्याचा संसार होमात घालणारा माणूस म्हणालो. ते म्हणाले, "ह्यांपैकी दोन शब्द बरोबर असतील." कोणते दोन, हे सांगितले नाही. मी शोभाला बोलावून घेतले आणि दोन्ही बाजू तिच्यापुढे मांडल्या, कारण नोकरी तिची होती.

ती ह्यांच्याकडे बघत राहिली. "सर, तुम्ही खोटं लिहिलं होतं व्हय?"

"हो."

"आन् तेच बघून बाकीचे लिहीत गेले?"

"हो."

"मग सांगा की ओ. सांगितल्याबिगर त्यांला कळावं कसं?"

चौकशी चाकणच्या कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत होती. भिंतीवर 'गुणवत्ता हाच आमचा धर्म' असे लिहिलेले होते. चौकशी अधिकारी हे न्यायखात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. व्यवस्थापनातर्फे पुण्याहून एक तरुण वकील आणि कारखान्याचे गुणवत्ता व्यवस्थापक. आमच्या तज्ज्ञांनी साक्ष दिली ती अशी, की जणू समोर नापास विद्यार्थ्यांचा वर्ग बसला आहे. व्यवस्थापकांना त्यांनी उलट विचारले, "तुमच्याकडे चाक झिजतं का?" व्यवस्थापक म्हणाले, झिजतं ना, चार तासांनी ड्रेसिंग करतो. "मग ह्या सात तक्त्यांत दाखवा." व्यवस्थापकांनी तक्ते पाहिले, मग पंखा पाहिला.

साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात, हे मला ठाऊक आहे. पण मी हरकत का घेऊ?

मग तरुण वकील उठले. "हे पाच आकडे कुठून आले, हे आपणांस माहीत आहे का?"

मी समोरचे कागद उगाच चाळू लागलो.

"माझ्या डोक्यातून," ते म्हणाले, आणि दुपार, टेबल, शेवटचा जमवलेला आकडा, सगळे सांगितले. एक शब्दही वगळला नाही. उलट जेवणात काय होते तेही सांगितले.

"म्हणजे आपण खोटी मापे तयार केलीत."

"केली."

"आणि आज आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आहे?"

"अजिबात ठेवू नका. पिन मागवा."

"ही बाई निर्दोष आहे असे आपण खात्रीने सांगू शकता?"

"नाही. खात्रीनं मी काहीच सांगत नाही. पिन मागवा आणि मोजा."

मी डोळे मिटून घेतले. चौकशी अधिकाऱ्यांनी मात्र पिना आणि मायक्रोमीटर मागवले. चालू मशीनवरच्या पाच ताज्या पिना आल्या. त्या मशीनवरच्या ऑपरेटरचा त्याच तासाचा तक्ताही आला. त्यात अर्थातच तेच पाच आकडे होते. व्यवस्थापकांनी पहिली पिन मोजली आणि आकडा मनातच ठेवला. "मोठ्यानं," अधिकारी म्हणाले. "बारा पॉइंट शून्य तीन." दुसरी, शून्य चार. तिसरी, शून्य तीन. तक्त्यात लिहिलेली बाराच्या खालची एकही पिन त्या पाचांत निघाली नाही. तरुण वकिलांनी मायक्रोमीटर मागून घेतला आणि तीच पहिली पिन मोजली. त्यांना शून्य दोन दिसले. पुन्हा मोजली, शून्य तीन. ते जरा ओशाळले.

"ह्यात लाजायचं काही नाही," हे त्यांना म्हणाले. "खरं मोजलं की असंच होतं. आज ह्या खोलीत दोनच माणसांनी मोजलंय, तुम्ही आणि ह्या व्यवस्थापक साहेबांनी. आणि रोज ह्या बाईनं." आवाजात प्रथमच थोडी माया होती, पण ती वकिलासाठी होती, शोभासाठी नव्हे.

दोन्ही आरोप सिद्ध न झाल्याचा अहवाल आला आणि निलंबन मागे घेतले गेले. आदेशात 'मानवतावादी दृष्टिकोनातून' असे शब्द घुसडलेले होते. त्यावर मी सात पानी आक्षेप नोंदवला, ज्याचे उत्तर अद्याप प्रलंबित आहे. शोभा कामावर रुजू झाली, मला तेवढे पुरे नव्हते, तिला पुरे होते. पेढे घेऊन ती ह्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी एक पेढा घेतला आणि तिला विचारले की मायक्रोमीटर शून्यावर लावून बघतेस की तसाच वापरतेस.

त्यानंतर त्यांनी आयुष्यात प्रथमच त्या संकेतस्थळावर स्वतःचा प्रश्न मांडला: तक्ता भरायचा कसा हे नमुना न देता लोकांना कसे शिकवावे? प्रश्न तासाभरात बंद झाला. 'हा संख्याशास्त्राचा प्रश्न नाही.' मी निषेधपत्र लिहून देतो म्हणालो. "नको," ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे." वर्षभरात ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले. बूट घालून सकाळी बसतात की नाही, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात शोभा पुन्हा कागद घेऊन आली. कारखान्याने तक्ता सुधारला होता. तळाशी 'आवृत्ती: एक' असे होते. माथ्यावरची चौकट तशीच होती, फक्त तिच्यातले जुने पाच आकडे काढून नवे पाच घातले होते. १२.००, १२.०१, १२.०१, १२.०२, १२.०३. चौकशीत शोभाचे जे तक्ते पुरावा म्हणून दाखल झाले होते, त्यांतल्याच एकावरून उतरवलेले. खऱ्या मापांचा नमुना म्हणून.

"आता सगळे हेच लिहितात," ती म्हणाली. "आन् हे बघा."

दुसरा कागद सुपरवायझरचा होता. तिची दैनंदिन मापे अधिकृत नमुन्याशी जुळत नसल्याबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता.

मी लेखणी उचलली आणि खुलाशाचा मसुदा सांगू लागलो. स्थायी आदेश, दुर्हेतू, पूर्वीचा अहवाल, नुकसानभरपाई. दुसऱ्या परिच्छेदात ती म्हणाली, "सर, थांबा जरा," आणि कागद ओढून स्वतःच लिहायला बसली. लिहून झाल्यावर वाचून दाखवले: "नमुन्यातली मापे माझीच आहेत. पण ती त्या दिवसाच्या पिनांची आहेत. आजच्या पिना मी आज मोजल्या. विश्वास नसल्यास मोजून पाहावे." खाली तारीख आणि सही.

मी तिथूनच नागपूरला फोन लावला आणि सगळे सांगून तो मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा, सावकाश वाचायला लावला.

"मशीनचा नंबर राहिलाय," ते म्हणाले.

राहिला होता. तिने तो घातला, आणि माझ्या सांगण्यावरून पोच घेतल्याशिवाय कागद हातचा सोडला नाही.